विजेची भट्टी घरी आणण्याआधी

गोव्यात डिचोलीच्या कुंभारांची मडकी, पणत्या, हुमणाची कुंडली आणि घुमटाची भांडी आजही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिसतात. ती भाजणं मात्र अवघड होत चाललं आहे. आव्याला, म्हणजे उघड्यावरच्या पारंपरिक भट्टीला, मोकळी जागा लागते, सुकी लाकडं, सोडणं आणि गवत लागतं, शिवाय धूर सोसणारे शेजारी लागतात. जून ते सप्टेंबर उघड्यावर आवा लावायचा प्रश्नच येत नाही. म्हणून विजेच्या भट्टीचा विचार आता कुंभाराच्या घरात होतो, तसाच मांद्रे, हरमल, कोरगाव अशा गावांत भाड्याच्या घरात मातीकाम मांडू पाहणाऱ्यांकडेही होतो. विचार चांगला आहे. धूर नाही, तापमान हातात राहतं, ऐन पावसात माल भाजता येतो.

अडचण एवढीच की भट्टी विकणारा भट्टीबद्दल सगळं सांगतो, पण ती ज्या वायरींवर चालणार त्या वायरींबद्दल फारसं बोलत नाही. त्या वायरी आपल्या घरातल्या, आपल्या जबाबदारीच्या. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. भट्टीला घरातला रिकामा सॉकेट देऊ नका. मीटरजवळच्या बोर्डापासून तिची स्वतःची लाइन ओढून घ्या, तिला खरीखुरी अर्थिंग द्या आणि आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारं उपकरण) बसवल्याशिवाय ती एकदाही तापवू नका. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं, कायदाही तेच सांगतो. वायर तुम्ही स्वतः ओढावी म्हणून हा लेख नाही. वायरमनला नेमके प्रश्न विचारता यावेत आणि झालेलं काम डोळसपणे तपासता यावं, यासाठी आहे.

गीझर चालतो, मग भट्टी का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. गीझर दोन किलोवॅटचा, लहान भट्टी अडीच-तीन किलोवॅटची, फरक तो किती? फरक वेळेचा आहे. गीझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि वायर निवते. भट्टी आठ-दहा तास चालते. शेवटच्या टप्प्यात, जेव्हा तापमान हजार अंशांकडे जात असतं, तेव्हा ती जवळजवळ अखंड पूर्ण भार ओढत असते. वायर, स्विच, प्लगची पिन यांना निवायला उसंतच मिळत नाही.

कुंभारांच्या घरात दुसरा गैरसमज चाकामुळे होतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कुम्हार सशक्तीकरण कार्यक्रमातून देशभर अनेकांना विजेची चाकं मिळाली. चाकाची मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास, ती दोन-तीन अँपिअरच्या आत चालते. साध्या सॉकेटवर चाक वर्षानुवर्षं सुरळीत फिरतं, म्हणून त्याच बोर्डावर भट्टीही चालेल असं वाटतं. तीन किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टला १३ अँपिअर घेते, सहा किलोवॅटची २६. हिशेब सोपा आहे: वॅटला व्होल्टने भागा, अँपिअर मिळतात. भट्टीच्या पाठीवरच्या पट्टीवर हे आकडे छापलेले असतात. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता सॉकेट. आपल्याकडचा मोठा पॉवर सॉकेट १६ अँपिअरचा असतो. कागदावर १३ अँपिअर त्यात बसतात. पण प्लगची पिन सैल असेल, समुद्रावरच्या खाऱ्या हवेने पितळ काळं पडलं असेल, तर जिथे धातू धातूला टेकतो तिथे थोडासा रोध तयार होतो. हा रोध फक्त ०.१५ ओहम धरला तरी १३ अँपिअरला तिथे २५ वॅट उष्णता निघते. म्हणजे सोल्डरिंगची लहान इस्त्री प्लगच्या आत आठ तास पेटवून ठेवल्यासारखंच झालं. प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग वितळतं. एमसीबीला, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, यातलं काहीच कळत नाही, कारण अँपिअर वाढलेलेच नसतात. मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यालगतच्या गावांत हा धोका डिचोलीपेक्षा जास्त आहे.

म्हणून माझा सल्ला असा. दोन किलोवॅटपर्यंतची छोटी चाचणी-भट्टी असेल तर चांगल्या प्रतीचा १६ अँपिअरचा सॉकेट चालेल, पण त्याची लाइनही स्वतंत्र हवी. त्याहून मोठ्या भट्टीला प्लगच नको. तिची केबल डबल पोल आयसोलेटरमध्ये स्क्रूने पक्की जोडा. भट्टी हलवावीच लागणार असेल तर निळा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट बसवा, तो साध्या सॉकेटपेक्षा कितीतरी भक्कम धरतो. एक्स्टेंशन बोर्ड आणि मल्टिप्लग यांचं तर नावच काढू नका.

वायर किती जाड, एमसीबी किती मोठा

तीन किलोवॅटच्या भट्टीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी. सहा किलोवॅटला कमीत कमी ६ चौ. मिमी आणि ३२ अँपिअर. अंतर जास्त असेल किंवा वायर कौलांखालच्या माळ्यातून जाणार असेल तर ६ ऐवजी १० घ्या. एप्रिल-मे महिन्यात माळ्यावर किती गरम असतं ते ज्याने तिथे चढून आंबे पिकत घातले आहेत त्याला सांगायला नको. त्या उष्णतेत वायरीची वीज वाहून नेण्याची क्षमता घटते. न्यूट्रल फेजइतकीच जाड हवी, कारण फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधूनच परततो. हिरवी अर्थची वायरही तितक्याच जाडीची घ्या. अर्थला बारीक वायर लावून पैसे वाचवायची खोड काही वायरमनना असते, तिथे ठामपणे नाही म्हणा.

एमसीबी वारंवार पडू लागला तर त्याच्या जागी मोठा बसवायचा नाही. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो. ४ चौ. मिमीच्या वायरीवर ४० अँपिअरचा एमसीबी लावला, तर एमसीबी पडण्याआधी वायरच जळेल.

अंतराचा आणखी एक परिणाम होतो. मीटर पुढच्या ओसरीत आणि भट्टी मागच्या पडवीत, मधे तीस मीटर. २.५ चौ. मिमीच्या वायरीतून १३ अँपिअर नेले तर भट्टीपर्यंत पोचता पोचता सुमारे ७ व्होल्ट गळतात. सात व्होल्ट किरकोळ वाटतात, पण भट्टीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के पडलं की ताकद एकोणीस टक्के पडते. तीन किलोवॅटची भट्टी २०० व्होल्टवर जेमतेम सव्वादोन किलोवॅटची उरते. लाइनच्या टोकाला असलेल्या वाड्यांवर संध्याकाळी सात ते दहा या वेळात व्होल्टेज खाली जातं. तिथे भट्टी ८५० अंशांवर अडून बसते, कंट्रोलर चूक दाखवतो आणि माणूस भट्टीवाल्याला दोष देतो. अशा ठिकाणी मल्टिमीटरने आठवडाभर वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज मोजून वहीत लिहून ठेवा. भाजणी पहाटे सुरू करून दुपारपर्यंत आटोपणं बहुधा सोयीचं ठरेल.

उलटाही प्रकार होतो. वादळात झाड पडून खांबावरची न्यूट्रल तुटली की सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. तेव्हा भट्टी तिप्पट ताकद ओढते. भाराला पेलेल असं जास्त-कमी व्होल्टेजला वीज तोडणारं उपकरण आणि सर्ज प्रोटेक्टर बोर्डात बसवून घ्या. मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात सर्वांत आधी कंट्रोलर जातो, आणि तो महागडा भाग असतो. आभाळ गडगडत असताना नवी भाजणी सुरूच करू नये.

अर्थिंग: जांभ्या दगडाच्या घरात

इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथली चूक जिवावर बेतते.

पेडणे आणि डिचोलीतल्या जुन्या चिऱ्याच्या घरांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग, किटकॅट फ्यूज आणि दोन पिनांचे सॉकेट सापडतात. नंतर कधीतरी तीन पिनांचा सॉकेट बसवलेला असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. असली तरी ती कुठे जाते हे कोणाला ठाऊक नसतं. कधी ती नळाच्या पाइपला बांधलेली असते, आणि तो पाइप मधेच प्लास्टिकचा झालेला असतो. सर्वांत घातक म्हणजे सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून ठेवणं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. न्यूट्रल कुठे तुटली की भट्टीचं सगळं पत्र्याचं अंग २३० व्होल्टवर येतं.

भट्टीसाठी स्वतंत्र अर्थ पिट करून घ्या. खड्डा, त्यात जीआय पाइप किंवा प्लेट, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार अर्थिंग कंपाउंड, वर पाणी घालायला नळी आणि झाकण. आयएस ३०४३ या भारतीय मानकात ही सगळी पद्धत दिलेली आहे. आपली जांभ्याची जमीन पावसात ओलीचिंब असते आणि मार्च ते मे कोरडी ठणठणीत. कोरडा जांभा वीज नीट वाहून नेत नाही. म्हणून अर्थिंगची चाचणी पावसाळ्यात करून समाधान मानू नका. ती मे महिन्यात मीटरने मोजून घ्या. रोध ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. उन्हाळ्यात पिटात दर आठवड्याला पाणी घाला.

आता हा हिशेब नीट वाचा. समजा भट्टीतलं कॉइल सुटून पत्र्याला टेकलं. अर्थचा रोध ५ ओहम आहे, म्हणजे अर्थिंग चांगलं आहे. जमिनीत जाणारा प्रवाह जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. २० अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या तिप्पट ते पाचपट, म्हणजे ६० ते १०० अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो पडेल, पण रेंगाळत पडेल, आणि तेवढा वेळ भट्टीचं अंग जिवंत राहील. मे महिन्यात अर्थचा रोध ४० ओहमवर गेला असेल तर प्रवाह सहा अँपिअरच्याही खाली. एमसीबी कधीच पडणार नाही. त्याच्या लेखी तो एक नेहमीचा भार.

याच कारणासाठी आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या लहानशा भागात वीज तोडतो. ४० ओहमचं अर्थिंग असलं तरी तो आपलं काम करतो. एमसीबी वायरीसाठी, आरसीसीबी माणसासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. दोन्ही कामं एकाच डबीत करणारा आरसीबीओ मिळतो, आणि भट्टीच्या लाइनला तोच सोयीचा, कारण तो पडला तर घरातला फ्रिज आणि दिवे चालू राहतात. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही तर त्या दिवशी भाजणी नाही.

कुंभाराच्या कामात याचं महत्त्व दुप्पट आहे. हात ओले, पाय अनवाणी, खाली शेणाने सारवलेली किंवा ओल धरलेली जमीन. ओल्या त्वचेतून वीज सहज शिरते. कारखान्यातल्या बूट घातलेल्या माणसाला जो झटका चटका वाटून जाईल, तो इथे प्राण घेऊ शकतो.

पावसाळ्यातला आरसीसीबी

विजेच्या भट्टीबद्दल जुलै-ऑगस्टमध्ये एक तक्रार येऊ शकते: भट्टी लावली की आरसीसीबी पडतो. भट्टीच्या आतल्या पांढऱ्या इन्सुलेशन विटा हलक्या, सच्छिद्र असतात. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत त्या पाणी शोषून घेतात. कॉइल त्याच विटांच्या खाचांत बसलेलं असतं, म्हणून ओल्या विटेतून थोडा प्रवाह पत्र्याकडे झिरपतो. वायरमनला बोलावलं की तो कधीकधी आरसीसीबी काढून थेट जोडून देतो आणि भट्टी चालू होते. असं कोणालाही करू देऊ नका. भट्टी सुकवा. झाकण फटीइतकं उघडं ठेवून कोरड्या दिवशी वारा लागू द्या. आरसीसीबी टिकू लागला की रिकामी भट्टी शंभर अंशांच्या थोडं वर काही तास ठेवा, म्हणजे विटेतली वाफ निघून जाईल. तरीही पडत असेल तर मेगर या मीटरने ५०० व्होल्टला इन्सुलेशन मोजून घ्या. ते एक मेगाओहमच्या खाली असेल तर कॉइल किंवा जोडणीत दोष आहे. पावसाळ्यात भट्टी आठवडाआड तरी तापवत राहिली तर ही कटकट पुष्कळ कमी होते.

जागा

भट्टीला मागची पडवी बरी, पण गळकी पडवी नको. भिंतीपासून दीड फूट मोकळं, वर वासे-रिपा असतील तर त्याहून पुष्कळ जास्त. खाली लोखंडी स्टँड आणि त्याखाली चिरा किंवा लादी. लाकडी माळ्यावर भट्टी कधीच नको. आपल्याकडे पावसाळ्यात ओसरी-पडवीला चुडतांची किंवा प्लास्टिकची झड बांधतात. भट्टीशेजारी अशी झड म्हणजे पेटायची वाट बघत असलेलं जळण. तिथे पत्रा लावा. आयसोलेटर भट्टीच्या डोक्यावर नको. दारापाशी, भट्टीपासून हातभर लांब, जिथे धूर दिसताच पळत येऊन बंद करता येईल अशा जागी हवा. भट्टीपर्यंत येणारी केबल तिच्या अंगाला चिकटून जाऊ देऊ नका. शेवटचा तुकडा उष्णता सोसणारा, सिलिकॉन किंवा फायबरग्लास आवरणाचा असावा, टोकांना लग क्रिम्प केलेले असावेत आणि जोड चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये असावेत. साध्या पीव्हीसी टेपचा जोड तिथे टिकत नाही.

झोपण्याच्या खोलीत भट्टी नको. मातीतला सेंद्रिय अंश जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

परदेशातून आलेली भट्टी

पेडण्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न जास्त. अमेरिकेतली १२० व्होल्टची भट्टी आपल्या २३० व्होल्टला जोडली तर ती पावणेचारपट ताकद ओढू पाहते आणि काही क्षणांत संपते. २०८ व्होल्टची जोडली तर सुमारे बावीस टक्के जादा तापते, कॉइल लवकर जातं आणि वायरही तापते. अमेरिकी २४० व्होल्टच्या जोडणीत न्यूट्रल नसते, दोन्ही तारा जिवंत असतात. म्हणून आपल्याकडे तिला फक्त एका तारेचा स्विच चालत नाही, दोन्ही तारा तोडणाराच हवा. ब्रिटनमधून आलेल्या २३०-२४० व्होल्टच्या भट्टीला अडचण नसते, पण तिचा प्लग कापून आपल्या पद्धतीने जोडणी करावी लागते. या कामात अंदाज चालत नाही. पाठीवरची पट्टी वाचता येत नसेल तर ती भट्टी घेऊ नका.

सहा किलोवॅटच्या वर जायचं असेल तर थ्री फेज घ्या. नऊ किलोवॅटची भट्टी सिंगल फेजवर ३९ अँपिअर मागते, तीच थ्री फेजवर प्रत्येक तारेत फक्त १३. वायर बारीक चालते, शेजाऱ्यांचे दिवेही मंद होत नाहीत.

वीज खात्याचं काम

वीज बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. दोन-तीन किलोवॅटच्या घरात तीन किलोवॅटची भट्टी वाढवायची तर भारवाढीचा अर्ज करावाच लागतो. गोव्यात वीजपुरवठा सरकारच्या वीज खात्याकडे आहे. पेडणे किंवा डिचोलीच्या कार्यालयात बिल घेऊन जा, भट्टीचे किलोवॅट आणि फेज सांगा, खांबावरून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर तो भार पेलेल का ते तपासायला सांगा. मीटरपर्यंतची बाजू खात्याची, मीटरनंतरची तुमची. मीटरच्या सीलला तुमचा वायरमन हात लावणार नाही, हे त्याला आधीच बजावा. काम झाल्यावर कंत्राटदाराने सही केलेला चाचणी अहवाल मागा आणि बिलांच्या फाइलीत लावा. आग लागली तर विमा कंपनी तोच मागेल.

भाड्याच्या घरात जोडणी घरमालकाच्या नावावर असते, म्हणून अर्ज त्यालाच करावा लागतो. त्याला न सांगता भट्टी बसवणं हे त्याच्या घराशी केलेला विश्वासघात आहे.

आणि एक कायद्याची गोष्ट. भांडी विकत असाल तर घरगुती दराने भट्टी चालवता येईल असं गृहीत धरू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या कारणासाठी जोडणी मंजूर झाली त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली, तर लागू होणाऱ्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि वापर कधीपासून सुरू झाला ते ठरवता आलं नाही तर ती मागच्या बारा महिन्यांची धरली जाते. छोट्या उद्योगाचं एक वर्ष त्यात बुडेल. आधी विचारा, योग्य वर्गाची जोडणी घ्या.

खर्चासाठी एक वाट आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींत कुंभारकाम आहे. त्यात अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. कर्जाचा हिशेब मांडताना भट्टीच्या किमतीखाली लाइन, अर्थ पिट, आरसीबीओ आणि कंत्राटदाराची मजुरी असं वेगळं कलम लिहा. ते लिहिलं नाही तर शेवटी तिथेच काटकसर होते. कुंभारकाम शिकायचं असेल तर चोर्ला घाट चढून गेल्यावर बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी आयोगाची केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे.

पहिली भाजणी

पहिल्या वेळी माल भरू नका. रिकामी भट्टी सावकाश हजार अंशांच्या थोडी वर नेऊन थांबवा. कॅन्थल या मिश्रधातूच्या कॉइलवर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो तारेचं आयुष्य वाढवतो. एक तास झाला की आयसोलेटर बंद करून सगळे जोड, एमसीबी, आयसोलेटर तापमापकाने तपासा. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तो सैल आहे. भट्टी निवल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या, आणि पुढच्या दोन-तीन भाजण्यांनंतर परत एकदा. तांबं तापून-निवून सैल पडतं.

माल सुका हवा, हे कुंभाराला सांगायला नको. तरी विजेच्या भट्टीत घाईचा मोह होतो, कारण बटण दाबलं की ती चढते. शंभर अंशांपर्यंत वाफ निघून जायला वेळ द्या, ५७३ अंशांच्या आसपास गारगोटीच्या कणांचं आकारमान एकदम बदलतं तिथेही हळू जा. इकडच्या लाल मातीला ९०० ते १००० पुरे.

कंट्रोलरवर आंधळा विश्वास नको. त्यातला सॉलिड स्टेट रिले बिघडला तर तो बहुधा चालूच राहतो, पडद्यावर भट्टी बंद दिसत असताना कॉइल तापत राहतं. त्याच्या मागे वेगळा कॉन्टॅक्टर आणि जादा तापमानाला वीज तोडणारं साधन आहे का, हे खरेदीच्या वेळी विचारा. झाकण उघडताच वीज तोडणारा स्विचही हवा. आणि तो असला तरी माल भरताना, काढताना, खिडकीतून लोखंडी सळई घालताना आयसोलेटर बंद. तापलेल्या कॉइलला सळई टेकली तर वीज थेट हातात येते. भाजणी संपेपर्यंत घरात कोणीतरी जागं असलं पाहिजे.

भाजणीच्या मधे वीज गेली तर झाकण उघडू नका, माल बहुधा वाचतो. आयसोलेटर बंद करा, वीज परत आल्यावर दहा मिनिटं व्होल्टेज स्थिर राहिलं की चालू करा. घरचा इन्व्हर्टर या भाराला चालत नाही. मान्सूनपूर्व दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याच्या तारखा मे महिन्यात वर्तमानपत्रात येतात, त्या बघून भाजणी ठरवा. पुरवठ्याच्या तक्रारीसाठी १९१२. कोणाला झटका बसला तर त्याला हात लावण्याआधी वीज तोडा, मग १०८.

भट्टीची ऑर्डर देण्याच्या आधी आपलं वीज बिल काढून मंजूर भार बघा, परवानाधारक माणसाला घरी बोलावून अर्थिंग मोजून घ्या. लाइन पूर्ण झाली, चाचणी अहवाल हातात आला, आरसीबीओचं बटण तुमच्या डोळ्यांदेखत दाबून दाखवलं, की मगच भट्टीचा खोका उघडा.